पॉवरबँकही संपली? घरातल्या सेलवर मोबाइल चार्ज करायचा जुगाड, फोन न जाळता

लाइट जाऊन बराच वेळ झालाय, पॉवरबँकचे दिवे कधीच विझले, मोबाइल ८ टक्क्यांवर आलाय आणि लाइट कधी येईल कुणालाच माहीत नाही. अशा वेळी घरात नजर फिरवली तर घड्याळात सेल, रिमोटमध्ये सेल, टॉर्चमध्ये सेल, पोरांच्या खेळण्यात सेल, आणि खाली गाडीत तर अख्खी बॅटरी पडलेली असते. म्हणजे वीज आहे, फक्त मोबाइलला चालेल अशी नाहीये, तेवढं एक काम आपल्याला करायचंय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे घाईत असाल तर पुढचं चाळत वाचलं तरी चालेल: कुठलेही सेल वापरा, पण सेल आणि फोन यांच्यामध्ये व्होल्टेज आवरणारं काहीतरी पाहिजेच, आणि ते काहीतरी म्हणून सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे गाडीतला साधा, जुना, स्लो यूएसबी चार्जर.

आणि हो, त्याच्याही आधी लॅपटॉप बघा. लोक वायरी सोलत बसतात आणि कपाटात ७० टक्के चार्ज असलेला लॅपटॉप पडलेला असतो. साध्या लॅपटॉपच्या बॅटरीत ४०-५० वॉट-तास असतात, म्हणजे फोनच्या दुप्पट तरी. यूएसबीत केबल खुपसा, स्क्रीन बंद करा, वायफाय बंद करा, झालं. काही लॅपटॉपचा एखादा पोर्ट लॅपटॉप झोपवला तरी चार्जिंग देत राहतो, त्या पोर्टजवळ बहुतेकदा विजेची बारीक खूण असते, तो मिळाला तर उत्तमच. लॅपटॉपही नसेल किंवा त्याचाही जीव गेला असेल तर पुढे या.

आधी हिशोब, मग वायर

सेलवर लिहिलेले एमएएच (मिलिअँपिअर-तास, हजार झाले की एक अँपिअर-तास) बघून भले भले फसतात. पेन्सिल सेल म्हणजे एए साइजचा अल्कलाइन सेल कागदावर २५०० एमएएचचा असतो, फोनची बॅटरी ५००० ची, मग दोन सेलमध्ये फोन फुल झाला पाहिजे ना? नाही होणार. सेल १.५ व्होल्टचा आहे आणि फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टची, त्यामुळे नुसते एमएएच एकमेकांशी ताडून उपयोग नाही, वॉट-तास ताडायचे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. फोनचे ३.८५ गुणिले ५, म्हणजे १९ च्या आसपास वॉट-तास. सेलचे १.५ गुणिले २.५, म्हणजे पावणेचार, पण हा आकडाही फसवा आहे कारण ते २५०० एमएएच अगदी हळू हळू, रिमोट-घड्याळाच्या चालीने वापरलं तर मिळतात. फोनसाठी अर्धा अँपिअर ओढायला लागलात की तोच अल्कलाइन सेल जेमतेम १५०० देतो आणि व्होल्टेजही १.५ वर टिकत नाही, सरासरी १.१५-१.२ धरा. म्हणजे हातात आले पावणेदोन वॉट-तास. त्यातले १५ टक्के व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटमध्ये जातात, उरलेल्यातले पुन्हा तेवढेच फोनच्या आत चार्जिंग होताना उष्णता होऊन जातात.

शेवटी काय उरतं? एक अल्कलाइन पेन्सिल सेल म्हणजे मोठ्या फोनचे साधारण ६ टक्के. आठ सेल म्हणजे अर्धा फोन. हा आकडा डोक्यात ठेवलात की कुठल्या जुगाडाच्या मागे लागायचं आणि कुठल्या सोडायचा ते आपोआप कळतं.

कुठले सेल गोळा करायचे

घरभर फिरून सगळे सेल टेबलावर ओता आणि प्रकारवार वेगळे करा. सेलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अल्कलाइन असेल तर चांगलं. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे असतील तर आणखी चांगलं, कारण ते दिसायला १.२ व्होल्टचे असले तरी अर्धा काय, एक अँपिअर ओढला तरी कुरकुर करत नाहीत, २००० लिहिलंय तर जवळजवळ २००० देतात. फक्त जुन्या पद्धतीचे असतील तर महिनोन्‌महिने पडून पडून आपोआप रिकामे झालेले असतात. २००५ मध्ये सॅन्योने एनेलूप आणले तेव्हापासून कमी गळतीचे सेल मिळायला लागले, ते वर्षभर पडून राहिले तरी बराच चार्ज धरून असतात, तेव्हा आणीबाणीसाठी मुद्दाम घेऊन ठेवायचे तर तेच घ्यावेत असं मी म्हणेन. लिथियमचे न चार्ज होणारे १.५ व्होल्टचे पेन्सिल सेलही मिळतात, महाग असतात, पण जोरात करंट देतात आणि १५-२० वर्षं कपाटात टिकतात.

स्वस्तातले झिंक-कार्बन सेल, ज्यांच्यावर हेवी ड्यूटी असं भारदस्त लिहिलेलं असतं, ते फोनच्या कामाचे नाहीत. घड्याळात त्यांचा जन्म सुखाने जातो, पण अर्धा अँपिअर मागितला की दहा-पंधरा मिनिटांत मान टाकतात. दुसरं काहीच नसेल तरच.

मोठ्या टॉर्चचे जाडजूड डी साइजचे सेल मात्र सापडले तर लॉटरी समजा. अल्कलाइन डी सेल १२ ते १८ हजार एमएएचचा असतो आणि मोठा असल्यामुळे करंटही आरामात देतो. असे आठ सेल म्हणजे मोठा फोन चारेक वेळा फुल.

एक नियम मात्र मोडू नका: एका माळेत (म्हणजे एकाच्या प्लसला दुसऱ्याचं मायनस असे जोडलेले) सगळे सेल एकाच प्रकारचे आणि साधारण सारखेच भरलेले हवेत. एका जोताला एक तरणा बैल आणि एक म्हातारा जुंपल्यासारखं होतं नाहीतर. कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात, त्याची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी होते आणि तो गळायला लागतो. मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) असेल तर प्रत्येक सेल तपासा: नवा अल्कलाइन १.६ च्या आसपास दाखवतो, १.३ च्या खाली असेल तर बाजूला काढा, रिमोटला परत द्या.

थेट का जोडायचं नाही

चार पेन्सिल सेल, ६ व्होल्ट, यूएसबीची केबल कापून लाल-काळी जोडली, चार्जिंग सुरू! असे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि काही वेळा ते चालतंही, म्हणून तर लोक करतात. पण यूएसबीचं साधं चार्जिंग ५ व्होल्टचं असतं आणि ठरलेली मर्यादा ४.७५ ते ५.२५ अशी आहे. चार नवे अल्कलाइन सेल प्रत्यक्षात ६.४ व्होल्ट देतात. काही फोनमध्ये जास्त व्होल्टेज आलं की चार्जिंग नाकारणारी सोय असते, काहींत ती किती मजबूत आहे देव जाणे, आणि लाइट नसताना एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग कशाला करायचा.

मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) टाकतात काही जण. एक साधा सिलिकॉन डायोड ०.७ व्होल्ट खातो, दोन टाकले की ६.४ चे ५ होतात, गणित छान आहे. पण सेल थोडे वापरले की ५.४ वर येतात, त्यातून डायोडचे १.४ गेले की ४ व्होल्ट, आणि फोन चार्जिंग थांबवतो, सेलमध्ये अर्ध्याहून जास्त जीव शिल्लक असताना. चार निकेलचे सेल, म्हणजे ४.८ व्होल्ट, थेट लावणं त्यातल्या त्यात कमी धोक्याचं, पण नुकतेच चार्ज केलेले असतील तर तेही साडेपाचच्या पुढे जातात आणि जरा वापरले की कमी पडतात. म्हणून म्हणतो, मध्ये रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारं सर्किट, हवाच.

मुख्य जुगाड: आठ सेल आणि कार चार्जर

कार चार्जर म्हणजे गाडीच्या सिगारेट लायटरच्या भोकात घालतो तो. त्याच्या आत १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं स्टेप-डाउन सर्किट तयार असतं, यूएसबी सॉकेटही लावलेलं, म्हणजे जे आपल्याला सोल्डर मारून करावं लागलं असतं ते सगळं त्या प्लास्टिकच्या बोंडात आयतं आहे. आठ पेन्सिल सेल माळेत लावले की १२ व्होल्ट होतात, नवे असताना १२.८. चार्जरला गाडी आहे की सेल याचं काही घेणंदेणं नसतं.

चार्जर निवडताना जुना, एक अँपिअरवाला, फुकट मिळालेला असा घ्या. फास्ट चार्जरच्या मागे लागू नका. फास्ट चार्जर फोनशी बोलून १८ वॉट किंवा त्याहून जास्त द्यायला जातो, तेवढं द्यायचं तर आठ सेलमधून पावणेदोन अँपिअर ओढावे लागतात, अल्कलाइन सेल तिथेच बसतात. साधा ५ वॉटचा चार्जर मात्र अर्ध्या अँपिअरच्या आसपास ओढतो आणि तेवढं सेलला झेपतं.

पायरी १. सेल होल्डर असेल तर प्रश्नच नाही, आठ सेलचा एक किंवा चार-चारचे दोन माळेत. नसेल तर जाड कागदाची किंवा पुठ्ठ्याची नळी करा, सेल सैल न बसता आत सरकेल एवढीच जाड, आणि त्यात चार सेल एकामागे एक भरा, प्रत्येकाचं बोंड पुढच्याच्या सपाट बुडाला टेकलं पाहिजे. अशा दोन नळ्या करा. आठ सेलची एकच लांब नळीही चालते पण ती मधेच वाकते आणि कनेक्शन सुटतं, दोन आखूड नळ्या शेजारी शेजारी बांधलेल्या जास्त बऱ्या.

पायरी २. दोन्ही नळ्या उलट-सुलट ठेवा, म्हणजे एकीचं प्लसचं टोक आणि दुसरीचं मायनसचं टोक एकाच बाजूला येईल. त्या बाजूला दोन्ही टोकं वायरच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. आता दुसऱ्या बाजूला एक प्लस आणि एक मायनस उरलं, तेच आपलं १२ व्होल्टचं आउटपुट.

पायरी ३. कनेक्शन घट्ट करायचं, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. नुसती वायर टेपने चिकटवली तर ती वरवर टेकलेली राहते, मीटरवर व्होल्टेज बरोबर दिसतं आणि फोन लावला की गायब होतं. वायर दोन सेंटीमीटर सोला, तारा पिळून चपटी गुंडाळी करा, किंवा अॅल्युमिनियम फॉइलची पाच-सहा घड्या घालून नाण्याएवढी गादी करा आणि वायर त्या गादीत अडकवा, मग ती सेलच्या टोकावर ठेवून नळीच्या लांबीच्या दिशेने रबर बँड ताणून बसवा. टेपपेक्षा रबर बँड चांगला कारण तो सतत दाब देत राहतो. फॉइलचा एकही तुकडा सेलच्या अंगाला बाजूने लागता कामा नये, अल्कलाइन सेलचं बाहेरचं पत्र्याचं भांडं प्लस असतं आणि वरचं वेष्टन कुठे फाटलेलं असेल तर तिथेच शॉर्ट.

पायरी ४. कार चार्जरकडे बघा. पुढचं स्प्रिंगवालं धातूचं टोक प्लस, बाजूला बाहेर आलेल्या एक-दोन पट्ट्या मायनस. प्लसची वायर टोकाला, मायनसची बाजूच्या पट्टीला. टोकाला वायर धरून ठेवणं वैतागाचं काम आहे कारण स्प्रिंग ती बाहेर ढकलते, तर वायर टोकाभोवती दोन वेढे घालून त्यावर टेप गच्च गुंडाळा, टोक आत दाबलेलं राहील असं. बऱ्याच चार्जरचं पुढचं बोंड फिरवून उघडतं आणि आत काचेचा छोटा फ्यूज असतो, तो उडालेला नाही ना ते आत्ताच बघा, आणि तो काढून वायर थेट आत जोडायचा मोह झाला तर आवरा.

पायरी ५. फोन लावायच्या आधी तपासणी. चार्जरचा दिवा लागला पाहिजे. न लागल्यास पहिल्यांदा पोलॅरिटी बघा, मग एखादा सेल उलटा बसलाय का ते. मल्टीमीटर असेल तर यूएसबीच्या बाहेरच्या दोन पिनांवर ५ ते ५.२ व्होल्ट दिसायला हवेत. मल्टीमीटर नसेल तर आधी एखादी फालतू वस्तू लावा, यूएसबीचा दिवा, जुना फोन, पंखा. ती पाच मिनिटं नीट चालली की मग आपला फोन.

पायरी ६. फोन लावा आणि सुरुवातीची दहा मिनिटं तिथेच बसा. दर दोन-तीन मिनिटांनी सेलना हात लावून बघा. कोमट झाले तर चालतं. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा गरम लागत असेल तर तो कमजोर आहे, काढा. चटका बसण्याइतकं काहीही गरम झालं, वायर असो की चार्जर, तर सोडवा.

सेल रिकामे होत जातात तसा करंट वाढत जातो, हे लोकांना उलटं वाटतं. चार्जरला बाहेर ५ वॉट द्यायचेच असतात, आतलं व्होल्टेज १२ चं ९ झालं की तेवढेच वॉट काढायला तो जास्त अँपिअर ओढतो. म्हणून शेवटी शेवटी सेल जास्त तापतात आणि पटकन संपतात. बऱ्याच चार्जरांचं काम ८-९ व्होल्टला थांबतं, काहींचं आधीच. थांबलं तर सेल अर्धा तास मोकळे ठेवा, थोडा दम परत येतो, आणखी दोन-तीन टक्के निघतात.

निकेलचे चार्जेबल सेल असतील तर आठचे ९.६ व्होल्ट होतात, साध्या चार्जरला बहुतेक वेळा पुरतात, पण दहा सेल मिळाले तर दहाच लावा. इथे खरं तर अल्कलाइनपेक्षा बरं काम होतं, आठ सेलमध्ये फोनचे ७० टक्क्यांपर्यंत निघतात.

कार चार्जर नाही, मॉड्यूल आहे

इलेक्ट्रॉनिक्सची हौस असेल तर ड्रॉवरमध्ये एलएम२५९६ चं स्टेप-डाउन मॉड्यूल सापडेल. चालेल, फक्त फोन लावायच्या आधी मीटरवर बघून ५.१ व्होल्टला सेट करा आणि सेट झाल्यावर व्होल्टेज बदलायच्या छोट्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे तो हलणार नाही. ७८०५ आयसीही (५ व्होल्ट देणारी छोटी चिप) चालतो पण तो जास्तीचं व्होल्टेज नुसतं जाळतो: १२ व्होल्ट आत, ५ बाहेर, म्हणजे निम्म्याहून जास्त ऊर्जा हीटसिंक तापवण्यात. आधीच मोजके सेल असताना ही चैन परवडत नाही. नाइलाज असेल तर ७८०५ ला सहा सेल द्या, आठ नको, त्याला आत ७ व्होल्ट पुरतात आणि नासाडी कमी होते.

यूएसबी सॉकेट किंवा कापलेली केबल स्वतः जोडत असाल तर चार वायरी दिसतील. लाल प्लस, काळी मायनस, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. स्वस्त केबलमध्ये रंगांचा भरवसा नसतो, मीटरने खात्री करा. पांढरी-हिरवी मोकळी ठेवली तर बरेच फोन समजतात की आपण कंप्युटरला लागलोय आणि अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त ओढत नाहीत, काही तर चार्जच होत नाहीत. सॉकेटच्या बाजूला पांढरी आणि हिरवी एकमेकींना जोडली, फक्त एकमेकींना, दुसऱ्या कशालाही नाही, की बहुतेक फोन त्याला चार्जर मानतात आणि जास्त ओढतात. पेन्सिल सेलवर चालवत असाल तर मुद्दाम मोकळ्या ठेवून बघा, कमी करंटमध्ये सेलमधून एकूण वीज जास्त निघते. घाई असेल तर जोडा.

फोन टाइप-सीचा असेल तर एका बाजूला मोठं चपटं यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला सी अशी केबल वापरा. दोन्हीकडे सी असलेल्या केबलला समोरचं सॉकेट रेझिस्टर लावून ओळख देत नसेल तर ५ व्होल्ट घेतच नाही फोन, आणि तुम्ही तासभर वायरी तपासत बसता. केबल आखूड आणि जाड हवी. बारीक वायरीच्या एक मीटर केबलमध्ये एक अँपिअरला ०.४ व्होल्ट सहज पडतात, मग ५ चे ४.६ आणि फोन चार्जिंग हळू करतो.

बाइकची, यूपीएसची, गाडीची बॅटरी

गाडीत सॉकेट असेल तर गाडीतच चार्ज करा, इंजिन बंद ठेवूनही चालतं. ४५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतले १० टक्के वापरले तरी फोन दोनदा फुल होतो, आणि बॅटरी ठणठणीत असेल तर तेवढ्याने गाडी चालू व्हायला अडचण येत नाही. इंजिन चालू ठेवायचं तर मोकळ्या हवेत, बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही, धुराने माणसं मरतात.

यूपीएसच्या आत बहुतेकदा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. यूपीएसमध्येच चार्जर लावला तर चालतं पण यूपीएस स्वतःच बरीच वीज खातो, डीसीचं एसी आणि एसीचं पुन्हा डीसी. शिवाय बरेच यूपीएस लाइट नसताना सुरूच होत नाहीत. बॅटरी बाहेर काढून कार चार्जर लावणं जास्त फायद्याचं. उघडायच्या आधी यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून नाही, कारण काही यूपीएसमध्ये आतली बॅटरी मेनच्या विजेशी जोडलेली असते आणि लाइट अचानक आली तर फार वाईट होईल. अशा बॅटरीतून निम्मीच वीज काढा, दीड वेळा फोन फुल होतो, पुढे ओढत नेली तर बॅटरीचं आयुष्य कमी होतं. पूर्ण भरलेली १२.७ च्या आसपास दाखवते, सोडवून थोडा वेळ ठेवल्यावर १२.१ दिसले की थांबा.

या बॅटऱ्यांना पेन्सिल सेलसारखं समजू नका. पेन्सिल सेल शॉर्ट झाला तर वायर गरम होईल, शिशाची बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होऊन वितळते. प्लसच्या वायरमध्ये बॅटरीजवळच २-३ अँपिअरचा फ्यूज टाका, हातातली अंगठी-घड्याळ काढा, आणि आधी चार्जरकडची जोडणी पूर्ण करून मगच बॅटरीला वायर लावा.

दोन-चारच सेल असतील तर

मग व्होल्टेज वाढवावं लागतं, स्टेप-अप लागतो. दोन किंवा चार सेल घालायचे छोटे इमर्जन्सी चार्जर मिळतात त्यात हेच असतं. गणित बघा: ५ व्होल्टला अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॉट, सर्किटचा तोटा धरून तीन वॉट, ते दोन सेलच्या अडीच व्होल्टमधून काढायचे म्हणजे सव्वा अँपिअर. अल्कलाइनला हे झेपत नाही. मग काय होतं ते बघण्यासारखं असतं: फोनवर चार्जिंगची खूण येते, टुंग वाजतं, स्क्रीन उजळते, सेलचं व्होल्टेज बसतं, सर्किट बंद पडतं, खूण जाते, सेल सावरतात, पुन्हा टुंग, पुन्हा स्क्रीन. अर्ध्या तासाने बघता तर टक्के वाढण्याऐवजी एक कमी झालेला, कारण प्रत्येक वेळी स्क्रीन पेटवण्यात आलेलं सगळं गेलं. उपाय म्हणजे फोन बंद करून चार्जिंगला लावणं आणि निकेलचे सेल वापरणं. दोनऐवजी चार सेलचा चार्जर असेल तर हा त्रास बराच कमी.

एमटी३६०८ सारखं स्वस्त स्टेप-अप मॉड्यूल वापरणार असाल तर सावध, त्याचं आउटपुट २८ व्होल्टपर्यंत जातं आणि स्क्रू बरेच वेढे फिरवेपर्यंत काहीच बदलत नाही, मग एकदम बदलतं. मीटर नसेल तर त्याच्या नादी लागू नका.

जुन्या फोनच्या बॅटऱ्या आणि १८६५०

बॅटरी निघणारा फोन असेल आणि त्याची जादा बॅटरी भरलेली असेल तर बदला आणि विषय संपवा, एक टक्काही वाया जात नाही. साधा बटणांचा फोन असेल तर त्यात सिम टाका, बीएल-५सी सारखी हजार एमएएचची बॅटरीही तिथे दोन-तीन दिवस काढते.

बाकी लिथियम सेल ३.७ व्होल्टचे, म्हणजे स्टेप-अप लागणारच. बिघडलेल्या पॉवरबँकचं सर्किट असेल तर ते उत्तम, त्यात सेलला फार रिकामं होऊ न देणारी सोय बहुतेक असते. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब असा गोल सेल, लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत आणि चांगल्या टॉर्चमध्ये असतो, खरी क्षमता २००० ते ३५०० एमएएच. ९९०० लिहिलेला असेल तर ते खोटं आहे. वजनावरूनही कळतं, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो.

लिथियमच्या बाबतीत मी जुगाडाच्या विरोधात आहे हे स्पष्टच सांगतो. फुगलेली, वास येणारी, दबलेली बॅटरी वापरायची नाही. मीटरवर अडीच व्होल्टच्या खाली असेल तर तिला परत जिवंत करायला जायचं नाही. सेलवर थेट सोल्डर मारायचा नाही, होल्डर वापरा. कमी-जास्त भरलेले दोन सेल समांतर जोडायचे नाहीत, भरलेला रिकाम्यात धाडकन करंट सोडतो. आणि चार्जिंग चालू असताना हे सगळं फरशीवर, कागद-कपड्यांपासून लांब, कुणीतरी जागं असताना. धूर आला तर हात घालायचा नाही, जमलं तर लांबून भरपूर पाणी ओतायचं आणि बाहेर पडायचं.

ज्यात वेळ घालवू नये

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी बघून वाटतं वा, व्होल्टेज भरपूर. आत सहा चिमुकले सेल असतात, जेमतेम ५०० एमएएच, आणि करंट मागितला की लगेच बसते. कार चार्जरमधून ५-१० टक्के आले तर नशीब. एक महत्त्वाचा फोन करण्यापुरती ठीक. बटण सेल दहा गोळा केले तरी काही होत नाही. लिंबू, बटाटा, कांदा यांच्या व्हिडिओंबद्दल एवढंच: एका लिंबातून एक व्होल्टच्या आत आणि मिलिअँपिअरच्या आसपास करंट मिळतो, तुम्हाला अर्धा अँपिअर हवाय.

मिळालेली वीज टिकवायची

फोन बंद करून चार्ज केला तर आलेलं सगळं बॅटरीत जातं. बंद करता येत नसेल तर एअरप्लेन मोड. रेंज कमी असलेल्या जागी फोन टॉवर शोधण्यात आणि जोरात सिग्नल पाठवण्यात बॅटरी खातो, आणि लाइट गेल्यावर टॉवरही कमजोर होतात, तेव्हा ठरावीक वेळेला पाच मिनिटं चालू करून मेसेज पाठवणं-घेणं परवडतं. कॉलपेक्षा एसएमएस, तो कमी रेंजमध्येही जातो.

१०० टक्के करायच्या मागे लागू नका. ८० च्या पुढे चार्जिंग हळू होतं आणि तुमचं सर्किट तेवढा जास्त वेळ स्वतःपुरती वीज खात बसतं. रिकाम्यापासून ५०-६० पर्यंत न्या, सेल उरले तर पुढच्या वेळेला ठेवा. संपूर्ण बंद पडलेला फोन असेल तर पहिली काही मिनिटं स्क्रीनवर काहीच दिसत नाही, घाबरून वायर हलवत बसू नका.

काम झालं की सेल नळीतून काढा. वायरी लावून ठेवलेला पॅक ड्रॉवरमध्ये चावी-नाण्यांना लागला तर तिथेच तापेल, शिवाय चार्जरचा दिवा दोन-चार दिवसांत सेल पिऊन टाकतो. अर्धवट वापरलेल्या सेलवर पेनने खूण करून एकत्र ठेवा म्हणजे पुढे नव्यात मिसळणार नाहीत, घड्याळ-रिमोटला ते अजून महिनोन्‌महिने चालतील. होल्डर, जुना कार चार्जर, आखूड केबल आणि दोन सोललेल्या वायरी एका डब्यात, डब्याच्या झाकणावर प्लस-मायनस कुठे ते मार्करने लिहून, आणि लाइट असताना एकदा पूर्ण जोडून बघा तुमचा चार्जर किती व्होल्टला बंद पडतो ते. तो आकडाही झाकणावरच लिहा.